धरणांच्या काठाने तीन दिवस सायकल: गाड्या टाळायच्या तर रस्ता कसा निवडावा

प्रश्न असा आहे: कोथरूडचे तिघे मित्र, तिघांकडे हायब्रिड सायकली, डिसेंबरात तीन दिवस मोकळे. पुण्याच्या पश्चिमेला धरणांच्या काठाने सामान लादून फिरायचे आहे, पण परदेशातल्या डोंगर-तळ्यांच्या मुलखात असतात तसे वाहनमुक्त मार्ग हवेत. असे मार्ग कुठले, आणि तयारी काय करायची?

आधी स्पष्ट सांगतो, शंभर टक्के वाहनमुक्त असा लांब मार्ग या भागात नाही. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिक ते थ्रेलकेल्ड असा सुंदर सायकल-मार्ग आहे, पण तो 1972 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्या भरावावर केलेला आहे. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून तिच्या वाटेवर सायकलही आरामात जाते. आपल्या धरणखोऱ्यांत असा सोडून दिलेला रूळमार्ग नाही. जे आहे ते साधे ग्रामीण रस्ते. त्यातले काही मात्र असे आहेत की मंगळवारी सकाळी तासाभरात एक एसटी आणि दोन-चार मोटारसायकली भेटतील, बाकी कोणी नाही. ते ओळखायचे कसे, हे कळले की मार्ग तुमचे तुम्हालाच आखता येतील.

नकाशा उघडून रस्ता कुठे संपतो ते बघा. लोणावळ्यापासून भोरपर्यंतचा घाटमाथा हा सरळ तुटलेला कडा आहे. गाडीने कोकणात उतरायला या पट्ट्यात तीनच जागा: खंडाळ्याचा बोरघाट, ताम्हिणी आणि वरंधा. सगळी वर्दळ या तीन रस्त्यांवर गोळा होते. मधली खोरी, म्हणजे पवना, मुठा, मोसे, आंबी, कानंदी, वेळवंडी, ही पूर्वेकडून उघडी आणि पश्चिमेला कड्याशी बंद. खोऱ्यात शिरलेला रस्ता शेवटच्या वाडीत संपतो. पलीकडे जायचेच नसल्यामुळे ट्रक नाही, लांबची बस नाही. उरतात गावची माणसे आणि शनिवार-रविवारचे पर्यटक. पर्यटकही बहुतेक धरणाच्या भिंतीपाशी किंवा पहिल्या रिसॉर्टपाशी थांबतात. भिंतीच्या मागे दहा किलोमीटर गेलात की रस्ता तुमचा.

म्हणजे मोकळ्या रस्त्याची कृती अशी: एका खोऱ्यात पाण्याच्या काठाने आत जायचे, खिंड चढून शेजारच्या खोऱ्यात उतरायचे, पुन्हा काठ धरायचा. मुख्य घाटरस्ता फक्त ओलांडण्यापुरता वापरायचा.

रस्त्यावर असताना किलोमीटरच्या दगडाचा माथा बघायची सवय लावा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्यमार्ग, काळा किंवा निळा जिल्हा मार्ग, नारिंगी म्हणजे ग्रामसडक. नारिंगी दगड दिसला की गर्दी संपली असे धरायला हरकत नाही. पण हा रस्ता जेमतेम पावणेचार मीटर रुंद असतो, कधी तीनच. समोरून एसटी आली तर ती सगळा रस्ता व्यापते. पावसाने साइडपट्टी खचलेली असते आणि डांबराची कड अर्धा वीत उंच उभी राहते. अशा वेळी चालत्या सायकलीवरून कड उतरू नका; पुढचे चाक कडेला घासले की माणूस हमखास आडवा. आधीच थांबून पाय टेकावा, बस जाऊ द्यावी.

एक अपवाद लक्षात ठेवा. जिथे बंगल्यांचे प्लॉटिंग चालू आहे तिथे बंद खोऱ्यातही मुरूम-खडीचे डंपर पळतात, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी. उपग्रह-चित्रात डोंगरउतारावर तांबड्या पायऱ्या खोदलेल्या दिसल्या तर तो रस्ता रविवारी पहाटे करावा किंवा सोडून द्यावा.

आता तुमच्या तीन दिवसांचा मार्ग.

पहिल्या दिवशी पुण्यातून सायकलने निघू नका. जुना मुंबई रस्ता किंवा चांदणी चौक ते पिरंगुट या दोन्हींत धूर खाण्यापलीकडे काही हाती लागत नाही, आणि द्रुतगती मार्गावर सायकलला बंदीच आहे. पहाटेच्या लोणावळा लोकलने कामशेतला उतरा. सायकलीसाठी वेगळे लगेज तिकीट लागते; खिडकीवर विचारून ते आधी घ्या आणि सामानाच्या डब्यात चढा. तिघांच्या सायकली एकमेकींना टेकवताना गिअरची बाजू बाहेर ठेवा. गर्दीत कोणी टेकले तर डिरेलरचा (म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकतो, आणि ते कळते थेट पहिल्या चढावर, चेन स्पोकमध्ये गेल्यावर.

कामशेतहून पवनानगरचा रस्ता सौम्य आहे, वाटेत बेडसे लेण्यांचा फाटा लागतो. पवनानगरला नाश्ता करून पाणी भरा. खरेदीच्या दृष्टीने भरवशाचे हे शेवटचे गाव. पुढे तिकोना पेठ, जवण, मोरवे, तुंगवाडी असा पवनेच्या दक्षिण काठाचा रस्ता आहे. पाणी उजव्या हाताला, तिकोना मागे पडत जातो आणि तुंगचा सुळका समोर येतो. तुंगवाडीहून चढून घुसळखांबला लोणावळा–अॅम्बी व्हॅली रस्ता गाठायचा. ही जोडणी मुद्दाम सुचवतो. लोणावळ्याहून थेट आलात तर भुशी धरण आणि टायगर पॉइंटची सगळी गर्दी अंगावर येते. तुंगकडून आलात तर तो तुकडा पूर्ण टळतो. घुसळखांबनंतर पेठ शहापूर, कोरीगडाचा पायथा, आंबवणे. इथून पुढे रस्ता खरा ओसाड होतो. सालतर खिंडीच्या भागात तैलबैल्याचा फाटा सोडून भांबर्ड्याला उतरा. मुक्काम तिथे किंवा घनगडाच्या पायथ्याच्या एकोल्यात. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर धरा. दुपारी दोनपर्यंत तुंगवाडी मागे पडली नसेल तर पुढे रेटू नका, तिथेच राहा. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, आणि खोऱ्यात पश्चिमेची धार उन्हाला त्याच्या बरीच आधी गिळते.

दुसरा दिवस भांबर्डे, पिंपरी, ताम्हिणी. हा पट्टा राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी आहे, त्यामुळे डांबर दरवर्षी नव्याने उखडते. कुठला तुकडा चांगला हे नकाशा सांगू शकत नाही. विचारायचे तर एसटीच्या किंवा दुधाच्या टेम्पोच्या चालकाला विचारा; चारचाकीतला पर्यटक ‘रस्ता मस्त आहे’ म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या शॉक-अॅब्सॉर्बरबद्दल बोलत असतो. ताम्हिणीला मुख्य रस्ता लागला की डावीकडे, पुण्याच्या दिशेने वळायचे. मुळशीच्या काठाने माले आणि पुढे पौड हा तुमच्या सहलीतला एकमेव लांब वर्दळीचा पट्टा. तो आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारच्या आत पार करा. एका ओळीत चला, तिघांत पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा म्हणजे मागच्या गाडीला एकेकाला ओलांडून मध्ये शिरता येते. मुक्काम पौडच्या आसपास.

तिसऱ्या दिवशी पौडहून पिरंगुटपर्यंतचा गजबजलेला तुकडा सकाळी सातच्या आत संपवा आणि तिथून उजवीकडे लवासाच्या रस्त्याला लागा. उरवडे, मग घाट चढून मुठा खोरे. दम असेल तर टेमघर धरणापर्यंत जाऊन परत या. पुढे लवासाला जाऊ नका, चढ मोठा आणि गाड्याही जास्त. मुठा गावाकडून बहुली, सांगरुण, मांडवी, कुडजे असे खडकवासल्याच्या फुगवट्याच्या उत्तर बाजूने एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) फाटकाकडे येता येते. सांगरुणला आंबी, मोसे आणि मुठा एकत्र येतात. पलीकडच्या काठावर पानशेत-सिंहगडची रांग लागलेली असते तेव्हाही या बाजूला शांतता असते. एनडीएची हद्द लागली की फाट्यांवर न घुटमळता सरळ चालत राहा, फोटो काढू नका. तिथून उत्तमनगर, वारजे आणि घर.

तारखांबद्दल एकच: 24 डिसेंबर ते 1 जानेवारी पवनेच्या बाजूला जाऊ नका. काठावर तंबूंची वसाहत उभी राहते आणि रात्रभर स्पीकर. डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा, सोमवार ते बुधवार, उत्तम. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत पाणी भरपूर असते. मार्चनंतर ते खाली जाते आणि काठाऐवजी भेगाळलेला गाळ दिसतो, वर वणवे. पावसाळ्यात दृश्य अर्थातच सर्वांत देखणे, पण दरडी, धुके आणि शेवाळलेले सिमेंट यांमुळे सामान लादलेल्या सायकलीला तो काळ मी सुचवणार नाही. शिवाय 30 जून 2024 च्या भुशी धरणावरच्या दुर्घटनेनंतर धबधबे आणि धरणांच्या परिसरात प्रशासनाचे मनाई आदेश निघू लागले आहेत. पावसाळ्यात निघण्याआधी ते तपासावेच लागतात.

चढाचा अंदाज लोक इथे हमखास चुकवतात. सगळे जलाशय पुण्याच्याच उंचीच्या जवळपास आहेत. पुणे साधारण 560 मीटर, खडकवासल्याचे पाणी 582 मीटर, बाकीची बहुतेक त्याहून शंभरेक मीटरच्या आत. मग काठाचा रस्ता सपाट असायला हवा, असे वाटते. पण खोऱ्याच्या तळातला जुना रस्ता गावांसकट पाण्याखाली गेला. मुळशीच्या लोकांनी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो या बुडण्याविरुद्धच. आजचा रस्ता डोंगराच्या कुशीत नंतर खोदलेला आहे. प्रत्येक सोंडेवर चढतो, प्रत्येक ओढ्यात उतरतो. आखणी करताना दर दहा किलोमीटरला शंभर ते दीडशे मीटर चढ धरा, आणि थांबे धरून ताशी दहा-बारा किलोमीटर वेग. मैदानात दिवसाला शंभर करणाऱ्यालाही इथे साठ पुरतात.

यावरून गिअरचा हिशेब करून पाहा. माणूस 70, सायकल 14, सामान 11, एकूण 95 किलो. चाकाचा घेर साधारण 2.17 मीटर. पुढे 34 आणि मागे 34 दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात 2.17 मीटर जाल. मिनिटाला 60 फेरे मारले तर दहा टक्के चढावर नुसत्या उंचीसाठी दोनशे वॉट लागतात. तासभर दोनशे वॉट देणे सर्वसाधारण माणसाला जमत नाही. मग फेरे चाळीसवर येतात आणि गुडघे बोलू लागतात. पुढे 22, मागे 34 असेल तर तोच चढ ताशी पाच किलोमीटरने, 130 वॉटमध्ये होतो. तुमच्या हायब्रिडवर बहुधा पुढे 48-38-28 असेल. 28 ला मागे 34 म्हणजे 167 वॉट, चालण्यासारखे आहे. मागे 28 किंवा 30 चीच कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) असेल तर बदला. बदलताना दोन गोष्टी मेकॅनिककडून तपासून घ्या: डिरेलरला तेवढे मोठे चक्र झेपते का, आणि चेन लांबवावी लागते का. आखूड चेनवर चुकून पुढचे आणि मागचे दोन्ही सर्वांत मोठे चक्र एकदम पडले तर डिरेलर ताणून हँगरसकट तुटतो. गावातल्या वस्त्यांतून सिमेंटचे छोटे पण फार उभे तुकडे येतात. तिथे उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. त्यासाठीच साधे सपाट पेडल आणि चालता येतील असे बूट घ्या.

टायर 38 ते 42 मिलिमीटर. 28 चा टायर उखडलेल्या खडीवर चालतो, पण खड्ड्यात रिमवर आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. चाळीसच्या टायरला या वजनाला मागे 50 आणि पुढे 42 पीएसआयच्या आसपास हवा ठेवा. टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत असल्याची खात्री करा. नव्या खडीच्या धारेने टायरची भिंत फाटते, तेव्हा ट्यूब बदलून भागत नाही. जुन्या टायरचा बोटभर तुकडा जवळ ठेवा, आतून चिरेवर बसवा आणि हवा थोडी कमी भरा. तेवढ्यावर पौडपर्यंत येता येते.

सामान कॅरिअरवर दोन्ही बाजूंना, खाली. पाठीवर सॅक नको. कॅरिअरचे एम-5 बोल्ट अशा रस्त्यावर हादऱ्यांनी सैल होतात. निघण्यापूर्वी थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा, रोज सकाळी हाताने तपासा, दोन जास्तीचे घ्या. बोल्ट आतच तुटला तर वाटेत इलाज नाही, केबल-टायवर घरी यावे लागते. स्पोक तुटतात ते मागच्या चाकात, बहुतेक गिअरच्या बाजूचे, कारण त्या बाजूला ताण जास्त असतो. तुमच्या चाकाच्या नेमक्या मापाचे दोन स्पोक फ्रेमला चिकटवून ठेवा; मात्र तो बसवायला कॅसेट काढावी लागते, म्हणून अवजार नसेल तर तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळून, ब्रेक घासणार नाही एवढा सैल करून पुढे निघा. बाकी प्रत्येकी दोन ट्यूब, तिघांत मिळून पॅच, चेनची जोडकडी (आठ, नऊ, दहा गिअरची वेगवेगळी असते), गिअरची एक तार, ब्रेक पॅडची एक जोडी आणि प्रत्येकाच्या सायकलचा स्वतःचा हँगर. हँगर प्रत्येक मॉडेलचा निराळा असतो. पौडच्या दुकानात मिळणार नाही, पुण्यातसुद्धा चटकन मिळत नाही.

उताराला ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही एकदम जोरात, मग सोडा. सतत घासत राहिलात तर डिस्क तापते आणि पॅडची पकड जाते. रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूबच्या व्हॉल्व्हपाशी दगा होऊ शकतो.

जेवणाचे गणित सोपे पण सक्तीचे. पवनानगर सोडल्यावर तुंगवाडी-भांबर्ड्यात हॉटेल नाही, घरे आहेत. जेवण सांगायचे तर सकाळीच फोन करून, माणसे मोजून. पिठले-भाकरी, भात, लोणचे सहज मिळते; ऐनवेळी दार वाजवले तर गृहिणीची धावपळ होते, नाही म्हणता येत नाही म्हणून ती करते. रोख पैसे सुटे ठेवा, रेंज नसली की फोनवरचे पैसे चालत नाहीत. मुक्काम घरी, देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर, पण सरपंच किंवा पोलीस पाटलांना सांगूनच. पाणी माणशी तीन लिटर. धरणात पोहायला उतरू नका: काठावर गाळात पाय मांडीपर्यंत रुततो, आणि जुन्या शेतांचे बांध, विहिरी पाण्याखाली आहेत. कुत्री अंगावर आली तर पळवू नका, उतरून सायकल मध्ये धरून चाला. कुत्र्याला धावणारे चाक खुपते, चालणारा माणूस नाही.

पुढच्या वेळेसाठी दोन पर्याय. दक्षिणेला पानशेतहून शिरकोली, मग घोळ. आंबीच्या फुगवट्याच्या काठाने जाणारा आणि कोकणदिव्याच्या पायथ्याशी संपणारा हा रस्ता, गाड्या टाळण्याच्या निकषावर माझ्या मते पुणे जिल्ह्यात पहिला. फेरा होत नाही, गेल्या वाटेने परत यावे लागते. लोक त्यामुळेच टाळतात आणि रस्ता मोकळा राहतो. पानशेत मंगळवारी-बुधवारी गाठा, घोळला राहा. येताना खानापूरच्या बाजूने पाबे घाट चढून वेल्हे, विंझर, मार्गासनी, नसरापूर असेही उतरता येते. पाबे घाटाचा चढ सकाळी करावा. भोरकडचा नीरा-देवघरचा काठही छान आहे, पण तो वरंध्याचा रस्ता. पावसाळ्यात तो घाट दरडींमुळे वरचेवर बंद असतो, आणि बंद आहे म्हणून मोकळा मिळेल या हिशेबाने तिथे जाऊ नये.

पाण्याभोवती खरा बंद फेराच हवा असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदऱ्याला जा. शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत शेंडी असा जलाशयाचा पूर्ण वळसा एका दिवसात आरामात होतो. सायकली गाडीवर टाकून शेंडीपर्यंत न्या, रतनवाडीकडून सुरू करा म्हणजे साम्रदचा चढ ताज्या पायांनी होतो. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, नाक्यावर शुल्क घेतात. त्याचे सुटे पैसे हँडलबारच्या पिशवीत वरच ठेवा.